लिनक्सवर बांधलेली विंडोजची एक्झी

एका ग्रंथालयासाठी थकीत पुस्तकांची यादी काढणारा छोटा सी++ प्रोग्राम मी लिनक्सवर लिहिला होता. ग्रंथालयातले संगणक मात्र विंडोजचे. एवढ्याशा कामासाठी व्हिज्युअल स्टुडिओचे गिगाबाइट उतरवत बसण्यापेक्षा लिनक्सवरच एक्झी तयार करणं सोपं पडतं. यात काही जुगाड नाही. व्हीएलसी आणि बिटकॉइन कोअर यांच्या विंडोज आवृत्त्याही लिनक्सवरच बांधल्या जातात.

उबंटू किंवा डेबियनवर ‘मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे पॅकेज एका आज्ञेत बसतं. हाच क्रॉस-कंपायलर सोर्सपासून बांधायचा तर मात्र गाठ आधी कुठली सोडवायची हा प्रश्न येतो. जीसीसी पूर्ण व्हायला विंडोजची सी रनटाइम लायब्ररी लागते आणि ती लायब्ररी बांधायला जीसीसीच लागतो. म्हणून आधी असेंब्लर-लिंकर, मग विंडोजची हेडरं, मग नुसता सी भाषेपुरता अर्धा जीसीसी, त्याच्याकडून रनटाइम आणि शेवटी उरलेला जीसीसी, असा क्रम लावावा लागतो. हौस म्हणून एकदा करून बघावं. कामाच्या दिवशी पॅकेजच बरं.

पहिली एक्झी तयार झाली की ती हेक्समध्ये उघडून पाहावी. सुरुवातीची दोन अक्षरं ‘एमझेड’ निघतात. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं डॉसच्या काळापासून तिथे आहेत. थोडं खाली, हा प्रोग्राम डॉसमध्ये चालणार नाही, असं सांगणारं इंग्रजी वाक्यही सापडतं. आज डॉस वापरतो कोण! पण लिनक्सवरचा जीएनयू लिंकरसुद्धा हा शिरस्ता इमानेइतबारे पाळतो.

किरकोळ अडचणी लवकर सुटतात. विंडोजवर लिहिलेल्या कोडमध्ये ‘विंडोज’ हेडरचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, तर लिनक्सवर फाइल असते स्मॉल अक्षरांत. सापडत नाही म्हणून कंपायलर अडतो. हे निदान दिसतं तरी. ‘लाँग’चं तसं नाही. ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटांचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचा. लिनक्सवर ‘लाँग’ वापरून लिहिलेली बायनरी फाइल विंडोजवर वाचली की पहिल्या आकड्यानंतर सगळं सरकतं, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. फाइलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक आकड्याची रुंदी आपणच ठरवून लिहायची, हाच त्यावर उपाय.

एक्झी नुसती पेनड्राइव्हवर टाकून नेली तर विंडोज एखादी डीएलएल नाही म्हणून अडून बसतं. बहुधा ती सी++ची नाहीतर थ्रेडची लायब्ररी असते. ‘ऑब्जडंप’ला विचारलं की प्रोग्रामला कोणकोणत्या डीएलएल लागतात त्यांची नावं समोर येतात. ‘स्टॅटिक’ पर्याय देऊन बांधलं की यादीत विंडोजच्या स्वतःच्या डीएलएल तेवढ्या उरतात. एक्झी फुगते, पण समोरच्याला एकच फाइल द्यावी लागते. मला हा सौदा नेहमीच परवडला आहे.

खरा वेळ खाल्ला तो फाइलच्या नावाने. नोंदींच्या फाइलचं नाव होतं ‘पुस्तके’, देवनागरीतच. लिनक्सवर आज सगळीकडे यूटीएफ-८ असल्याने काही वाटत नाही. विंडोजवर मात्र साधं ‘मेन’ फंक्शन आणि साधं ‘एफओपन’ अजून जुन्या कोडपेजवर चालतात. इंग्रजी मांडणीच्या संगणकावर ते असतं १२५२, आणि त्यात देवनागरी नाहीच. मग आज्ञेसोबत दिलेलं नाव प्रोग्रामच्या हाती पडतं ते प्रश्नचिन्हांची माळ होऊन, आणि त्या नावाची फाइल कुठून सापडणार? तेच नाव कोडमध्ये लिहून नवी फाइल बनवली, तर फोल्डरमध्ये भलत्याच लॅटिन अक्षरांचं कडबोळं उमटतं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनवर चाचणी पार पडली म्हणून इथे निर्धास्त राहू नये. खऱ्या विंडोजवर चालवून बघितलंच पाहिजे.

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ मागता येतं आणि ते मॅनिफेस्ट ‘विंडरेस’ने एक्झीत घालता येतं. पण ग्रंथालयातले संगणक त्याहून जुने होते. म्हणून मी ‘डब्ल्यूमेन’ लिहिलं, फाइल उघडायला रुंद अक्षरांचं फंक्शन घेतलं आणि कंपायलरला ‘एमयुनिकोड’ हा पर्याय दिला.

यादी काळ्या खिडकीत छापायचा नाद मात्र सोडला. तिथे जोडाक्षरं मोडून पडतात. त्याऐवजी सीएसव्ही फाइल लिहिली आणि तिच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची तीन बाइटांची खूण घातली. ती नसेल तर दोनदा टिचकी मारून उघडलेल्या एक्सेलमध्ये पुन्हा तेच कडबोळं दिसतं.