प्रथिनांचे पाठभेद

पोथ्या हाताने नकलून घेण्याच्या काळात लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर बदले आणि पुढचा नकलणारा तेच पुढे नेई. अनेक पोथ्या शेजारी ठेवून मूळ पाठ कोणता, हे ठरवण्याची विद्या मराठी वाचकाला परकी नाही. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती याच वाटेने १९६६ मध्ये पूर्ण झाली. आपल्या शरीरातल्या प्रथिनांचेही असेच पाठभेद असतात. त्यांतला निरुपद्रवी कोणता आणि रोगाला कारण होणारा कोणता, याचा निवाडा आज संगणकाच्या मदतीने केला जातो. या विद्येला जैवमाहितीशास्त्र म्हणतात.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. मणी कोणत्या क्रमाने ओवायचे, हे जनुकात लिहिलेले असते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. असा एकच मणी बदललेला असतो, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ च्या सुमारास दाखवून दिले.

तिथे रोग आधी ठाऊक होता, बदल नंतर सापडला. आता गोष्ट उलटी झाली आहे. कोणाही निरोगी माणसाची जनुके वाचली, तरी प्रथिनातला मणी बदलणारे हजारो फरक हाती येतात. ते जवळजवळ सगळे निरुपद्रवी असतात. गुन्हेगार असलाच तर त्या गर्दीत एखादाच.

तो शोधताना मुख्यतः तीन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न पाठचिकित्सकाचाच आहे : हेच प्रथिन उंदीर, कोंबडी, मासा यांच्यात कसे लिहिले आहे? कोट्यवधी वर्षे सगळ्यांनी जो मणी जपला, तो बदलणे धोक्याचे असण्याची शक्यता अधिक. २००१ मध्ये पुढे आलेली ‘सिफ्ट’ ही संगणकप्रणाली याच तत्त्वावर चालते. दुसरा प्रश्न आकाराचा : माळ घडी घालून प्रथिनाचा आकार घेते, त्यात हा मणी गाभ्यात बसतो की कडेला? तिसरा प्रश्न वारंवारतेचा : निरोगी लोकांत हा बदल किती जणांत आहे? पुष्कळांत असेल, तर दुर्मिळ आणि गंभीर रोगाचे खापर त्याच्यावर सहसा फोडता येत नाही. सिकलसेल मात्र इथे सावध करतो. त्या बदलाची एकच प्रत असेल तर मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून तो टिकला आणि पसरला. दोन्ही प्रती तशा असल्या की आजार होतो.

२०२३ मध्ये ‘अल्फामिसेन्स’ या प्रणालीने माणसाच्या प्रथिनांतल्या एका मण्याच्या सुमारे ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांना गुण दिले आणि त्यांतल्या ८९ टक्क्यांबाबत कौल दिला. पण कौल म्हणजे पुरावा नव्हे.

आपल्याच उपखंडातले एक उदाहरण बोलके आहे. हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन घडवणाऱ्या ‘एमवायबीपीसी ३’ या जनुकात २५ अक्षरे गळालेली असणे, हा दक्षिण आशियाई लोकांत सुमारे ४ टक्क्यांना असलेला पाठभेद. २००९ मध्ये भारतीय संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने तो हृदयस्नायूच्या विकाराशी जोडला. धोका सुमारे सातपट सांगितला गेला. ४ टक्के म्हणजे एकट्या भारतात पाच कोटींहून अधिक माणसे. २०२० मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने हाच भाग बारकाईने वाचला. गळालेल्या अक्षरांसोबत काही थोड्या लोकांत त्याच जनुकात आणखी एक दुर्मिळ बदल वारशाने येतो, आणि धोका प्रामुख्याने त्याच्यामुळे आहे, असे दिसले. हा सोबती नसेल, तर नुसत्या गळतीचा रोगाशी ठोस संबंध आढळला नाही. ज्याच्यावर बोट ठेवले गेले, तो बहुतेकांच्या बाबतीत केवळ शेजारी होता.

असे घोटाळे कुणाच्या पोथ्या जमवल्या, यावरही अवलंबून असतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांना हृदयस्नायूच्या याच विकाराचे कारण म्हणून जे बदल सांगितले गेले, त्यांतले काही त्यांच्या समाजात सर्रास आढळणारे, निरुपद्रवी बदल होते. तुलनेच्या संग्रहात त्या समाजाची थोडी माणसे असती, तरी ही चूक टळली असती, हे २०१६ मध्ये दाखवण्यात आले. भारतातल्या अनेक जाती-जमातींत विवाह शतकानुशतके आपापसांतच होत आले, त्यामुळे एका गटात विरळ असलेला बदल दुसऱ्यात नेहमीचा असू शकतो. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली. एकशे चाळीस कोटींच्या देशात ही सुरुवात आहे.

म्हणून जनुकचाचणीच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला, तर तो धोक्याचा इशारा नव्हे आणि निर्धास्त राहण्याची हमीही नव्हे. पुरावा अजून पुरेसा नाही, एवढेच तो सांगतो. केवळ त्याच्या आधारे शस्त्रक्रिया किंवा लग्न-मुलाबाळांचे निर्णय घेऊ नयेत. आजी-आजोबांपासूनचा कुटुंबाचा आरोग्य-इतिहास जनुक-समुपदेशकापुढे मांडावा, आजारी आणि निरोगी नातलगांत तो बदल आहे का हे तपासून घ्यावे, आणि दोन-तीन वर्षांनी अहवाल पुन्हा वाचून घ्यावा. मधल्या काळात संग्रहात आणखी पोथ्या आलेल्या असतात.