जुनीं नाणीं आणि चिंचेचा कोळ

गेल्या आश्विनांत माळा झाडतांना एक जुनी पितळी डबी खालीं आली. तींत नऊ नाणीं निघालीं, हिरवट, काळवंडलेलीं. धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, चिंच भिजत घालूं का? दिवाळीपूर्वीं लखलखीत होतील." मीं तत्काळ "नको" म्हटलें. त्याचें कारण सांगावयाचें तर स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे.

मी बारा वर्षांचा असतांना आमच्या देवघरांत एक शिवराई होती. एका अंगास 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगास 'छत्रपति'. लक्ष्मीपूजनासाठीं ती उजळण्याचें काम मजकडे आलें. चिंच, मीठ आणि वर चुलींतील राख! नाणें तांबडेंलाल झालें, आजी प्रसन्न झाली. परंतु 'शिव' यांतील 'व' कायमचा गेला. शिवराई पुढें पेशवाईंतही पाडली जात असे. कोणती केव्हांची, हें अक्षरांच्या वळणावरून व चिन्हांवरूनच ठरवावें लागतें. आमची कोणत्या काळची, हें आतां कोणीच सांगूं शकत नाहीं.

तांब्यावर कालांतरानें जो घट्ट थर चढतो तो निव्वळ मळ नव्हे. नाण्याचेंच तांबें त्यांत रूपांतर पावलेलें असतें, आणि पुष्कळदां अक्षराची कड त्या थरांतच उरलेली असते. आम्लानें थर विरघळला कीं अक्षरही गेलें. मीठ तर त्याहून वाईट. त्यांतील क्लोराइड धातूंत शिरून राहतें व दमट हवेंत फिकट हिरवी भुकटी सुटूं लागते. ही भुकटी म्हणजे नाण्याचा क्षयरोगच होय. असें नाणें वेगळें, कोरड्या जागीं ठेवून जाणत्यास दाखवावें.

पुसट खुणांचें मोल काय, हें नाशिककरांस सांगावयास नको. १९०६ सालीं जोगलटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे, आणि त्या ठशाखालीं नहपानाचा मुखवटा व अक्षरें अंधुक दिसतात. कोणी कोणास जिंकलें, याची ती साक्ष. कोणा उत्साही गृहस्थानें तीं राखेनें घासलीं असतीं तर?

मग करावें काय? प्रथम धातु ओळखावी. सोन्यास साध्या पाण्यांत बुडवून काढणें पुरे. शिशाचीं नाणीं, सातवाहनांचीं पुष्कळ तशीं असतात, भिजवूंच नयेत. शुद्ध पाणीही शिशास खातें, आणि लांकडी पेटींतील आम्ल वाफ त्यास पांढरें करते. तांब्याचें नाणें मात्र चिनी मातीच्या वाटींत ऊर्ध्वपातित पाण्यांत ठेवावें व पाणी रोज बदलावें. माती मऊ झाली कीं भिंगाखालीं बाभळीच्या कांट्यानें हलकेंच उकलावी. धातूस टोंक लागूं देऊं नये. शेवटीं सुती कापडानें टिपावें, पुसूं नये. हात थांबेनासा वाटला तर नाणें खालीं ठेवावें, हा माझा स्वतःचा नियम.

डबींतील एक नाणें चांदीचें निघालें, तें तसेंच ठेविलें आहे. उरलेल्या आठांपैकीं एकावर तिसऱ्या आठवड्यांत 'छत्र' वाचतां येऊं लागलें. बाकीचीं अजून वाटींत आहेत, आणि पाणी सूनबाई बदलतात.