माप लिहिताना होणारी तपासणी
(लेखांक ५)

मागच्या भागात आपण पाहिलं की रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नसतात. तिची जाडी, उंची आणि साहित्य या गोष्टी संगणकाला ठाऊक असतात. या भागात वर्किंग ड्रॉइंगवर मापं, खुणा आणि खोल्यांची नावं लिहिण्याच्या कामाकडे वळू. ड्राफ्ट्समनचे दिवसच्या दिवस खाणारं काम हेच.

यातला बराच भाग एआयविनाही उरकतो. सगळ्या दारांना एकाच आज्ञेत खुणा लावता येतात, आणि दार बदललं की खूण व शेड्यूल आपोआप बदलतं. अडतं ते या खुणा ठेवायच्या कुठे इथे. मजकुरावर मजकूर चढतो, शौचालयात तर पाय ठेवायला जागा नसते. हीच अडचण नकाशांतही येते; गावांची नावं एकमेकांवर न चढवता नकाशात कशी बसवायची, याचे नियम स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी विसाव्या शतकातच मांडले होते. सर्वोत्तम मांडणी झटपट आणि हमखास शोधणारी रीत मात्र संगणकशास्त्राला सापडलेली नाही. म्हणूनच जुनी शेकडो ड्रॉइंगं पाहून त्या कार्यालयाची सवय उचलणारा एआय इथे खरोखर कामाचा ठरतो. ऑटोकॅडच्या २०२३ च्या आवृत्तीपासून छापील प्रतीवर लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्याही संगणक ओळखू लागला आहे.

या सोयीचं मी मनापासून स्वागत करतो. पण ड्राफ्ट्समन माप लिहायचा तेव्हा तो ड्रॉइंग तपासतही असायचा. खोलीची रुंदी २९९७ मिमी दिसली की त्याचा हात थांबे, कारण भिंत कुठेतरी तीन मिलिमीटर सरकलेली असणार. यंत्र २९९७ प्रामाणिकपणे लिहून पुढे जातं. शिवाय जे मोजता येतं ते सगळं लिहायची त्याची ओढ असते: तुकड्यांची मापं, एकूण माप, पुन्हा आतून आतून. पूर्णांकात आणताना त्यांची बेरीज जुळली नाही, तर यातलं कोणतं खरं धरायचं हे साइटवरच्या मिस्त्रीला कसं कळावं? त्याला लाइनआउटसाठी, म्हणजे जागेवर भिंतींची आखणी करण्यासाठी, विटांच्या भिंतीचं प्लॅस्टरआधीचं माप लागतं, प्लॅस्टर झाल्यावरचं नव्हे.

क्षेत्रफळात तर कायदाच आडवा येतो. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात सदनिकेच्या आतल्या पार्टिशन भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र खोली सहसा भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत मोजतं. सगळ्या खोल्यांवर आपोआप उमटलेल्या आकड्यांची बेरीज केली तर पार्टिशनखालची जागा गळते. यातला प्रत्येक आकडा बरोबर असतो, तरी करारनाम्यात जाणारा आकडा चुकतो.

माझा आग्रह इतकाच आहे की वाचलेल्या वेळातला एक हिस्सा तपासणीसाठी राखून ठेवा आणि तो वेळापत्रकात लिहा. यंत्राने मापं टाकल्यावर ड्रॉइंगची प्रिंट काढावी आणि ज्याने ते मॉडेल केलेलं नाही अशा माणसाने ती हातात पेन घेऊन वाचावी. जिन्याची पायरी, दाराची उघडण्याची बाजू, ओल्या जागांची लेव्हल हे आधी पाहावं. मिस्त्रीला नको असलेली मापं खोडून काढावीत. या खोडलेल्या प्रती जपून ठेवल्या तर त्यांचाच उपयोग यंत्राला शिकवायला होतो. तो कसा, हे पुढच्या आठवड्यात.