नेम आणि ताजवा



राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिराहून लोधीखेड्याला परतलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने भर वर्गात मला विचारले, "सर, गोळीबार झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात. त्यांत पुन्हा दारू भरता येत नाही काय? परदेशात लोक घरी भरतात म्हणे. मग त्याला कोणती अवजारे लागतात?" प्रश्न धिटाईचा होता, पण मुलाला दटावून गप्प बसविण्यापेक्षा नीट उत्तर देणे मला अधिक श्रेयस्कर वाटले.

काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, पेट घेणारी टोपी, दारू आणि गोळी. छात्रांच्या ०.२२ इंची काडतुसात निराळी टोपी नसते. पेटते द्रव्य पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. आघाताने ती कड चेपली की पुंगळीचे आयुष्य संपले. मोठ्या रायफलीच्या काडतुसात मात्र टोपी बुडाच्या मध्यभागी बसविलेली असते व ती बदलता येते. म्हणून पुनर्भरण होते ते अशाच काडतुसांचे.

एवढा खटाटोप कशासाठी? एकसारखेपणासाठी. आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात संत्री आकाराप्रमाणे निवडून पेटीत भरतात, तसाच हा प्रकार. एक हिशेब पाहा. ०.२२ची स्पर्धेतील गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेग शेकडा एकाने घटला, तर ती आणखी अडीच मिलिमीटर खाली लागते. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे! हात कितीही स्थिर असला तरी असमान काडतूस त्यावर पाणी फिरविते.

आता अवजारांची निवड. जेथे कायद्याची मुभा आहे, तेथील जाणते लोक सर्वांत आधी विकत घेतात ते यंत्र नव्हे, तर दारूच्या प्रमाणांची अधिकृत छापील कोष्टके. दुसरा ताजवा. दारू ग्रेनमध्ये तोलतात आणि ग्रेनच्या दहाव्या भागाचाही फरक कळावा लागतो. म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेचा सुमारे एकोणिसावा हिस्सा! विजेवर चालणारा काटा वाऱ्याच्या झुळकेने वा तापमानाने चळतो. यास्तव पडताळणीची वजने जवळ हवीतच. तिसरा साचा : फुगलेली पुंगळी पूर्ववत करणारा आणि गोळी अगदी सरळ बसविणारा. चौथे, लांबी मोजण्यास व्हर्निअर कॅलिपर, जो आमच्या प्रयोगशाळेतही आहे. दाबयंत्राचा क्रमांक यानंतरचा. ते भक्कम असावे आणि एका वेळी एकच काम करणारे असावे. भराभर काडतुसे काढणाऱ्या यंत्रापेक्षा त्यात चूक लवकर नजरेस येते. अशी चूक नेमापुरती राहत नाही. जादा दारूने नळी फुटून हात वा डोळा जाऊ शकतो.

आपल्याकडे मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. हे काम कारखान्यांचे. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही लहान शस्त्रांची काडतुसे होतात. तेथेही प्रश्न तोच : तोल आणि माप.

मग आपल्या नेमबाजांनी काय करावे? ते काडतुसे भरीत नाहीत, निवडतात. एकाच खेपेत तयार झालेल्या काडतुसांचा गट घ्यावयाचा, रायफल घट्ट आवळून ५० मीटरवर तो चालवून पाहावयाचा, आणि ज्या गटाच्या गोळ्या आपल्या नळीतून सर्वांत जवळजवळ लागतील तो राखून ठेवावयाचा. ०.२२च्या या खेळात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. जेथे गुणाचा दशांशही मोजला जातो, तेथे काडतुसाची निवड क्षुल्लक कशी म्हणावी?

त्या मुलाला मी सांगितले, "बाळ, पुंगळी मोजून परत दे. प्रयोगशाळेतला ताजवा मात्र उद्यापासून तुझ्या हवाली. एकच वजन दहा वेळा तोल आणि दहाही आकडे लिहून ठेव." दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. दहांपैकी तीन आकडे निराळे होते. त्याने ते खोडले नव्हते. नेमबाजीचा पहिला धडा त्याला तेथेच मिळाला, असे मला वाटते.