दाभोळ : हजची वाट आणि गॅसची जहाजे

चांदूर रेल्वेहून मुंबईमार्गे चिपळूण, पुढे एसटीने धोपावे. तिथून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दाभोळ. आदिलशाहीत हे मोठे बंदर होते; इथून हाजी मक्केकडे निघत. विजापूरची शहजादी आयेशा बीबीही हजसाठी आली. वाटेतल्या धोक्यांमुळे तिला जाता आले नाही, तेव्हा सोबतचा पैसा तिने मशिदीला लावला, असे सांगतात. १६५९-६०ची ती मशीद खाडीकाठी उभी आहे.

पलीकडे अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प आला, २००१मध्ये बंद पडला, पुढे नव्या कंपनीकडे गेला. तिथल्या धक्क्यावर गॅसची जहाजे लागतात. पण लाटा अडवणारा बांध अपुरा, म्हणून कित्येक वर्षे पावसाळ्यात तीही येत नसत.

मुलांना हिवाळ्यात न्या. मशिदीत नमाज पढा आणि त्यांना सांगा: शहजादीची वाट अडली, नियत अडली नाही.