क्रीडागृहातील लाकडी जमीन आणि हवेतील आर्द्रता

उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल पडते आणि गाडीवान ती चाके ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवतो. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते. लाकूड कापले, रंगविले तरी हवेतील ओलाव्याशी त्याची देवाणघेवाण चालूच राहते, हे ग्रामीण भागात कोणास सांगावे लागत नाही. मात्र बॅडमिंटन वा बास्केटबॉलसाठी लाकडी जमिनीचे क्रीडागृह बांधताना या साध्या गोष्टीचा विसर पडला, तर मोठ्या खर्चाची जमीन पहिल्याच पावसाळ्यात फुगून वर येऊ शकते.

लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाशी तुलना करून मोजतात. सभोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ३० टक्के राहिली, तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी उरते. ती ७० टक्क्यांवर स्थिरावली, तर हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास जाते. या फरकाने पट्टीची लांबी जवळजवळ बदलत नाही. बदलते ती रुंदी. सागवान हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड होय. तरीही वर्षवलयांना समांतर कापलेली ६० मिलिमीटरची सागवानी पट्टी एवढ्या फरकाने सुमारे पाऊण मिलिमीटर रुंदावते. हे नगण्य वाटेल; परंतु १० मीटर रुंदीच्या सभागृहात अशा १६६ पट्ट्या बसतात आणि त्यांची एकत्रित वाढ १२ सेंटिमीटरच्या वर जाते. अमेरिकेत बास्केटबॉलसाठी वापरले जाणारे हार्ड मेपल याच्या जवळजवळ दुप्पट हलते. तेथील उत्पादक संघटना सभागृहात ३५ ते ५० टक्के आर्द्रता राखण्यास सांगते. कोकणातील श्रावणात, खिडक्या उघड्या ठेवून, हे कसे साधणार?

तापमानाचा प्रत्यक्ष परिणाम मात्र अल्प असतो. तेवढ्याच रुंदीत २० अंशांच्या फरकाने काही मिलिमीटर, इतकेच. त्याचे खरे कार्य अप्रत्यक्ष आहे. हवा तापली की तीच बाष्पमात्रा सापेक्षतः कमी ठरते व लाकूड सुकते. हवा थंडावली की आर्द्रता चढते. म्हणून केवळ स्पर्धेपुरते वातानुकूलन चालवून एरवी ते बंद ठेवणे जमिनीस मानवत नाही.

मार्चमधील घाई

अंदाजपत्रकीय वर्ष ३१ मार्चला संपते, आणि विदर्भ-मराठवाड्यात त्याच सुमारास हवा अत्यंत कोरडी असते. त्या लगबगीत आकसलेल्या पट्ट्या एकमेकींस घट्ट भिडवून बसविल्या की जूनमध्ये त्यांना फुगण्यास जागा उरत नाही. मग त्या भिंतीवर दाब देतात, खिळे उपटतात आणि जमिनीचा मध्यभाग उचलला जातो. तेथे चेंडूची उसळी बदलते, आणि धावत्या खेळाडूचा पाय अडखळला तर दुखापत ठरलेलीच. काँक्रीट ओले असल्यास पट्टीची खालची बाजू फुगून कडा वर येतात. काँक्रीटच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीस सुमारे एक महिना वाळण्यास द्यावा, असा ढोबळ हिशेब आहे. तो देयकाच्या तारखेकडे पाहत नाही.

लाकूड त्याच सभागृहात, छप्पर, दारे व खिडक्या पूर्ण झाल्यानंतर काही आठवडे रचून ठेवावे. भिंतीलगत चारही बाजूंस सुमारे ५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडून ती हवा खेळेल अशा पट्टीने झाकावी. जमीन कोरड्या ऋतूत बसवावयाची असल्यास पट्ट्यांच्या ओळींमध्येही ठरावीक अंतराने बारीक फट ठेवावी लागते. भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे आर्द्रतेनुसार ४ विभाग करून इमारती लाकडात किती पाणी चालेल ते दिलेले आहे. निविदेत त्याचा उल्लेख असावा व आर्द्रतामापकाने तपासणी करूनच माल स्वीकारावा.

उन्हाळ्यात दिसणाऱ्या बारीक फटी लुकणाने बुजविण्याचा मोह आवरावा; पावसाळ्यात त्या आपोआप मिटतात. जमीन पाण्याने धुऊ नये, पिळलेल्या कापडाने पुसावी. शाळेच्या प्रयोगशाळेतील ओल्या-कोरड्या गोळ्याचा तापमापक सभागृहात टांगून विद्यार्थ्यांकरवी सकाळ-सायंकाळ नोंद ठेवता येईल. एका वर्षाची अशी वही हाती असली, तर दुरुस्तीस आलेल्या सुतारास फट कोठे ठेवावी हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.