खतावणी पेढीत, मुनीम घरी

चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि पुढे इंद्रायणीकाठच्या या गावाभोवती गृहसंकुले उभी राहिली. भोसरी, चिंचवड, चाकण येथील पेढ्यांचे हिशेब पाहणारी मंडळीही आता इकडे राहतात. व्यापारी घरांतील लेकी-सुना मुलांकडे पाहता पाहता बिले आणि जीएसटीचे काम घरूनच करू लागल्या आहेत. तक्रार मात्र वारंवार कानी येते: पेढीत क्षणात उघडणारे खाते घरून उघडताना मिनिट-दीड मिनिट जाते. विवरणपत्राची तारीख तोंडावर आली की हीच दिरंगाई दंड आणि व्याजाचे कारण ठरते.

अशा वेळी मालक इंटरनेटचा वेग वाढवून घेतात. पैसे जातात, फरक फारसा पडत नाही. कारण अडचण रस्त्याच्या रुंदीत नसून फेऱ्यांच्या संख्येत असते.

अनेक लहान पेढ्यांत हिशेबाची फाईल कार्यालयातील एका संगणकाच्या सामाईक फोल्डरमध्ये असते. घरचा संगणक व्हीपीएनने तिला जोडला, तरी प्रोग्रॅम घरी चालतो आणि फाईल कार्यालयात राहते. एका ग्राहकाची येणे बाकी पाहण्यासाठी प्रोग्रॅम फाईलचे तुकडे एकामागून एक मागवतो. समजा, अशा २,००० फेऱ्या झाल्या. कार्यालयात एका फेरीस अर्धा मिलिसेकंद धरला, तर काम एका सेकंदात उरकते. घरून प्रत्येक फेरीस ४० मिलिसेकंद लागले, तर त्याच कामाला ८० सेकंद हवेत. शिवाय नोंद लिहिली जात असता जोडणी तुटली, तर फाईल बिघडण्याचा धोका वेगळाच.

बँकांपुढे एकेकाळी असाच प्रश्न होता. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ साली अहवाल दिला आणि शाखांमध्ये यांत्रिक लेजर पोस्टिंग सुरू झाले. तरीही प्रत्येक शाखेची खतावणी त्या शाखेपुरतीच राहिली. पुढे कोअर बँकिंगने सर्व खाती एका केंद्रात नेली. आज काउंटरवरील कर्मचारी खतावणी स्वतःकडे मागवत नाही. तो केवळ शिल्लक विचारतो. शोधाशोध केंद्रातच होते आणि उत्तर तेवढे शाखेत येते.

हे तत्त्व लहान पेढीलाही लागू आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, रिमोट डेस्कटॉप. यात प्रोग्रॅम आणि फाईल दोन्ही कार्यालयात राहतात. घरी पडद्याचे चित्र येते आणि घरून कळफलकाच्या खुणा जातात. एकाच यंत्रावर एका वेळी अनेकांनी काम करायचे असल्यास सर्व्हर आणि त्याचे रीतसर परवाने घ्यावे लागतात. दुसरा मार्ग, एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएलसारखा डेटाबेस सर्व्हर. माल व ऑर्डरीसाठी स्वतंत्र प्रोग्रॅम करून घेणाऱ्यांस तो सोयीचा. मात्र प्रोग्रॅमने हवी तेवढीच माहिती मागितली पाहिजे. सगळी वही मागवून घरी चाळत बसल्यास पुन्हा तोच विलंब पदरी येतो.

केवळ हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पेढीस पहिला मार्ग बहुधा पुरेसा आहे. पेन ड्राइव्हवर फाईल घरी नेण्याची पद्धत मात्र सोडावी. दोन ठिकाणी नोंदी झाल्या की एका पेढीच्या दोन वह्या होतात आणि खरी कोणती, हे वर्षअखेरीस ठरवावे लागते.

दार उघडले की कुलूपही हवे. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडे ठेवणे म्हणजे दुकान उघडे टाकून गावाला जाणे. अशी दारे शोधणारे चोर संगणकातील सर्व हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागतात. म्हणून आधी व्हीपीएन, त्यावर ओटीपी आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. रोजची एक प्रत यंत्रापासून वेगळी ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे महिन्यातून एकदा तपासावे. कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारी सोय १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. भागीदारी पेढीवर तसे बंधन नसले, तरी कोणी, केव्हा, काय बदलले हे कळणे तिच्याही हिताचेच आहे.

एवढी व्यवस्था केल्यास जुना, विश्वासू मुनीम घर दूर गेले म्हणून सोडून जात नाही आणि शिकलेल्या सुनेला पेढी व घर यांतून एकाचीच निवड करावी लागत नाही.